काय-वर्ग कसोटी (एसपीएसएसमधील वापर)

दोन गुणात्मक चले, म्हणजे लिंग, विभाग, निकाल यांसारख्या गटांत मांडलेल्या नोंदी, एकमेकांशी संबंधित आहेत का हे तपासणारी संख्याशास्त्रीय कसोटी. कार्ल पिअर्सन यांनी ती १९०० मध्ये मांडली. तिच्या स्वातंत्र्यमात्रांची (ओळी-स्तंभांच्या बेरजा ठरल्यावर मुक्तपणे बदलू शकणाऱ्या घरांच्या संख्येची) मोजणी रोनाल्ड फिशर यांनी १९२२ मध्ये दुरुस्त केली. चले परस्परांपासून स्वतंत्र आहेत असे धरून तक्त्याच्या प्रत्येक घराची अपेक्षित संख्या काढतात (ओळीची बेरीज गुणिले स्तंभाची बेरीज, भागिले एकूण) आणि प्रत्यक्ष संख्या तिच्यापासून किती दूर आहे ते मोजतात; या अंतरांवरून काढलेली संख्या म्हणजे काय-वर्ग.

बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सहा मोठ्या विभागांतील १९७३ चे पदव्युत्तर प्रवेश हे याचे प्रसिद्ध उदाहरण. २,६९१ पुरुष अर्जदारांपैकी १,१९८ जणांना, तर १,८३५ स्त्रियांपैकी ५५७ जणींना प्रवेश मिळाला. संबंध नसता तर सुमारे ७१२ स्त्रिया निवडल्या जायला हव्या होत्या.

ही माहिती एसपीएसएस या संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअरमध्ये २४ ओळींत भरता येते : लिंग, निकाल, विभाग आणि संख्या. त्यानंतर ‘डेटा’ मेनूतील ‘वेट केसेस’मध्ये ‘संख्या’ हे चल द्यावेच लागते. ते राहिले तर प्रत्येक ओळ एकच व्यक्ती धरली जाते, चारही घरांत ६ येतात आणि काय-वर्ग शून्य निघतो. एसपीएसएस त्याबद्दल कोणताही इशारा देत नाही. म्हणून तक्त्यातली एकूण संख्या ४,५२६ आहे ना, हे सर्वांत आधी पाहावे.

पुढचा मार्ग ‘ॲनालाइझ’, ‘डिस्क्रिप्टिव्ह स्टॅटिस्टिक्स’, ‘क्रॉसटॅब्स’ असा आहे. लिंग ओळीत व निकाल स्तंभात ठेवून ‘स्टॅटिस्टिक्स’मध्ये ‘काय-स्क्वेअर’ आणि ‘फाय अँड क्रॅमर्स व्ही’, तर ‘सेल्स’मध्ये अपेक्षित संख्या व ओळीची टक्केवारी निवडावी. येथे पिअर्सन काय-वर्ग ९२.२, स्वातंत्र्यमात्रा १ येते. सार्थकतेच्या रकान्यात (म्हणजे संबंध नसताना केवळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची संभाव्यता) जुन्या आवृत्त्यांत .००० दिसते; अहवालात ती ‘०.००१ पेक्षा कमी’ अशी लिहावी, कारण संभाव्यता शून्य नसते. संबंधाची ताकद सांगणारा फाय मात्र जेमतेम ०.१४ आहे : नोंदी हजारोंनी असल्या की क्षीण संबंधही ठळकपणे सार्थक ठरतो.

तक्त्याखालची तळटीप अनेक जण वाचत नाहीत. पाचपेक्षा कमी अपेक्षित संख्येची घरे २० टक्क्यांहून जास्त असतील, तर फिशरची अचूक कसोटी घ्यावी. अट अपेक्षित संख्येची आहे, प्रत्यक्ष संख्येची नव्हे. एकाच व्यक्तीच्या आधीच्या व नंतरच्या उत्तरांना ही कसोटी लागू होत नाही; तिथे मॅकनेमार कसोटी वापरतात.

‘लेयर’च्या चौकटीत विभाग टाकला, म्हणजे प्रत्येक विभागाचा तक्ता वेगळा काढला, की बर्कलीचे चित्र पालटते. पाच विभागांत सार्थक फरक उरत नाही. उरलेल्या ‘ए’ विभागात काय-वर्ग १७.२ येतो, पण तिथे ८२ टक्के स्त्रियांना आणि ६२ टक्के पुरुषांना प्रवेश मिळालेला दिसतो. या विभागात ६४ टक्के अर्ज मंजूर झाले, तरी ९३३ अर्जदारांत स्त्रिया १०८ च होत्या. केवळ ६ टक्के अर्ज मंजूर करणाऱ्या ‘एफ’ विभागात ७१४ पैकी ३४१ अर्ज स्त्रियांचे होते. एकत्रित तक्त्यातला संबंध मुख्यतः या अर्जांच्या विभागणीतून आला होता.