लिफ्टमधला वजनकाटा आणि बर्फाखालचे डोंगर

‘ग्रह एका रेषेत येणार, शुक्रवारी रात्री सगळ्यांचं वजन कमी भरणार!’ सोसायटीच्या ग्रुपवर हा फॉरवर्ड आला आणि चौथ्या मजल्यावरच्या काकांनी लगेच हात जोडले. ग्रहांचं सोडाच, चंद्र-सूर्यांनी मिळून जोर लावला तरी 70 किलोच्या माणसाच्या वजनात जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढा फरक पडतो. त्यापेक्षा ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरची आमची लिफ्ट बरी. 27व्या मजल्यावर, म्हणजे साधारण 80 मीटर वर, वजन पावणेदोन ग्रॅमने घटतं. ध्रुवावर गेलात तर ठाण्यापेक्षा सुमारे 330 ग्रॅम जास्त भराल. अर्थात स्प्रिंगच्या काट्यावर. तराजूत वजनंही तेवढीच जड होतात.

काट्याचा वजनकाटा घेऊन लिफ्टमध्ये उभे राहा. लिफ्ट वर सुटताना काटा 75 वर उडी मारतो, मध्ये 70 वर येतो, थांबताना 65 वर घसरतो. गुरुत्व बदललेलं नसतं, लिफ्टचं त्वरण काट्यात मिसळलेलं असतं.

बर्फाखाली दडलेले डोंगर हुडकायला अंटार्क्टिकावर विमानातून गुरुत्व मोजतात, तेव्हा नेमकी हीच पंचाईत होते. एकक मिलिगॅल, म्हणजे गुरुत्वाचा साधारण दहालाखावा भाग. बर्फाखालच्या डोंगराची खूण दहा-वीस-पन्नास मिलिगॅलची आणि विमानाचा साधा हेलकावा दहा हजारांचा! मग जीपीएसवरून विमानाची उंची क्षणाक्षणाला नोंदवायची, त्यातून वेग, वेगातून त्वरण काढायचं आणि मापनातून वजा करायचं. एवढ्यानं भागत नाही. पृथ्वी पूर्वेकडे फिरते, त्यामुळे पूर्वेला उडणारं विमान थोडं हलकं होतं, पश्चिमेला उडणारं जड. हा इओट्व्हॉश परिणामही वजा करायचा. उरलेला गोंगाट मिनिट-दोन मिनिटांच्या सरासरीनं पुसायचा. मात्र तेवढ्यात विमान काही किलोमीटर पुढे गेलेलं असतं, म्हणून बारीक टेकड्या हुकतात.

समुद्रावर काम सोपं. तळाचा डोंगर पाणी स्वतःकडे ओढतो, पृष्ठभागाला किंचित फुगवटा येतो आणि उपग्रह तो रडारनं मोजतो. ध्रुवांजवळ बर्फ आडवा येतो, तेव्हा 2010 साली सोडलेल्या क्रायोसॅट-2 सारखे उपग्रह बर्फाच्या भेगांतलं पाणी गाठतात.

पूर्व अंटार्क्टिकात गाम्बुर्त्सेव्ह ही आल्प्सच्या तोडीची रांग बर्फाखाली पूर्ण गाडलेली आहे. 1958 साली सोव्हिएत मोहिमेला ती सापडली. 2008-09 मध्ये विमानांनी रडार आणि गुरुत्वमापक घेऊन तिच्यावर घिरट्या घातल्या.

काकांना मी काटा घेऊन लिफ्टमध्ये बोलावलंय. ते म्हणाले, ‘‘आधी शुक्रवार होऊन जाऊ दे.’’