टोन देणारा पोर्ट आणि टोन घेणारा पोर्ट: एफएक्सएस-एफएक्सओचा घोळ

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. पांढरकवड्याजवळच्या एका जिनिंगच्या फाटकापासून पार डांबरी रस्त्यापर्यंत कापसाच्या गाड्या लागलेल्या. काट्यावरचं वजन ऑफिसात कळवायला एक पोरगं दिवसभर पळत होतं. दिवाणजी मला म्हणाले, "भाऊ, फोन तं नवे लावले, पन एकबी बोलून नाई रायला."

शेठच्या पुतण्याने नागपूरहून टेलिफोनचं एक वापरलेलं कार्ड आणलं होतं आणि ऑफिसच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये बसवून त्याचं एक्स्चेंज करायचं ठरवलं होतं. कल्पना चांगली होती. अॅस्टरिस्क हे असं एक्स्चेंज चालवणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. १९९९ मध्ये मार्क स्पेन्सर या तरुणाने ते लिहायला घेतलं, कारण स्वतःच्या छोट्या धंद्यासाठी विकतचं एक्स्चेंज त्याला परवडत नव्हतं. कार्डावर चार जागा होत्या, त्यात दोन लाल आणि दोन हिरवे मॉड्यूल, म्हणजे एकेका पोर्टाच्या सुट्या पट्ट्या, नीट बसवलेले. फक्त बाहेरून आलेली टेलिफोनची लाईन हिरव्यात खुपसली होती आणि फाटकावरचा फोन लालमध्ये.

या एका चुकीवर सगळं अडलं होतं. आणि ही चूक शिकलेली माणसंही करतात, कारण दोन्ही पोर्ट दिसायला जुळे भाऊ. तीच खाच, तीच दोन तारांची वायर, आणि नावात फक्त शेवटचं अक्षर वेगळं. एक एफएक्सएस, दुसरा एफएक्सओ.

नावं टेलिफोनच्या जुन्या जमान्यातली आहेत. एखाद्या गिऱ्हाइकाला जवळच्या एक्स्चेंजऐवजी दुसऱ्या गावच्या एक्स्चेंजचा नंबर दिला, की त्या सोयीला फॉरेन एक्स्चेंज म्हणत. 'एफएक्स' तिथून आलं. पुढचं एस म्हणजे स्टेशन, गिऱ्हाइकाचा फोन. ओ म्हणजे ऑफिस, एक्स्चेंजची कचेरी. खरी ग्यानबाची मेख अशी, की पोर्टाचं नाव पोर्ट स्वतः काय आहे ते सांगत नाही, त्याच्यासमोर कोण बसणार ते सांगतं. एफएक्सएस पोर्टासमोर फोन बसतो. एफएक्सओ पोर्टासमोर एक्स्चेंजची लाईन.

मी मात्र गिऱ्हाइकाला हे काही सांगत बसत नाही. मी विचारतो, टोन कोण देतं?

एफएक्सएस देणारा आहे. फोन खाली ठेवलेला असताना त्याच्या दोन तारांवर ४८ व्होल्टच्या आसपास डीसी उभा असतो. रिसीव्हर उचलला की लूप, म्हणजे दोन तारांमधली करंटची वाट, पूर्ण होतो, करंट वाहायला लागतो, व्होल्टेज दहाच्या आसपास उतरतं आणि पोर्टाला कळतं की माणूस आला. मग तो डायल टोन सोडतो. घंटी वाजवायची तर एसी व्होल्टेजही त्यालाच पाठवावं लागतं. एक्स्चेंजच्या लाईनवर हे घंटीचं व्होल्टेज पाऊणशेच्या आसपास असतं. उघड्या तारा बोटात धरलेल्या असताना कोणी नेमका फोन केला, तर झणका असा बसतो की पुन्हा कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

एफएक्सओ घेणारा. तो स्वतः काही पुरवत नाही. तो टेलिफोनच्या डब्यासारखा वागतो. लाईनवर घंटी आली की ओळखतो, लूप जोडून फोन 'उचलतो', टोन ऐकतो, नंबर फिरवतो, बोलणं झालं की 'ठेवतो'. भिंतीवरचा बोर्ड आणि पंख्याची पिन यांच्यात जे नातं, तेच इथे. बोर्ड म्हणजे एफएक्सएस, पिन म्हणजे एफएक्सओ.

म्हणून पुतण्याच्या जोडणीत काय झालं ते पाहा. फाटकावरचा फोन घेणारा, आणि लाल पोर्ट म्हणजे एफएक्सओ, तोही घेणारा. दोन पाहुणे समोरासमोर ताट घेऊन बसलेले आणि वाढणारा कोणीच नाही. फोन मुका. दुसरीकडे बाहेरची लाईन देणारी, आणि हिरवा पोर्ट म्हणजे एफएक्सएस, तोही देणारा. दोन देणारे एकाच जोडीवर व्होल्टेज ढकलत होते. पहिल्या प्रकारात फक्त वेळ जातो. दुसऱ्यात एकाने दुसऱ्याच्या अंगावर घंटी सोडली की मॉड्यूल जळूही शकतं. शेठचं नशीब चांगलं, वाचलं.

रंगाचं म्हणाल तर या जातीच्या कार्डांची मूळ कंपनी डिजियम. त्यांच्या चार पोर्टांच्या कार्डावर हिरवं मॉड्यूल एफएक्सएस आणि लाल एफएक्सओ. त्याची नक्कल करणाऱ्यांनीही रंग तेच ठेवलेले मी पाहिले, तरी मॉड्यूलवरची अक्षरं एकदा वाचून घ्यावीत. कार्डाच्या नावात आकडे असतील तर पहिला एफएक्सएसचा, दुसरा एफएक्सओचा: बावीस म्हणजे दोन-दोन, एकतीस म्हणजे तीन फोन आणि एक लाईन. बाजारातल्या तयार ईपीएबीएक्स पेटीत, म्हणजे ऑफिसातल्या छोट्या एक्स्चेंजमध्ये, हीच गोष्ट देशी नावाने असते. तिथे एफएक्सओला ट्रंक किंवा सीओ लाईन म्हणतात, एफएक्सएसला एक्स्टेंशन. 'तीनशे आठ' पेटी म्हणजे तीन लाईनी, आठ फोन. तीनशे आठ लावणारा माणूस एफएक्सओ शब्द ऐकून गांगरतो, पण काम तो वीस वर्षं तेच करत आलेला असतो.

बसवण्यातही फरक आहे. हिरव्याला घंटीची ताकद लागते, ती कॉम्प्युटरच्या स्लॉटातून पुरेशी मिळत नाही. त्यासाठी त्या कार्डाला हार्ड डिस्कची चार पिनांची पॉवर वायर वेगळी लावावी लागते. नुसती लाल मॉड्यूल असतील तर गरज नाही. पुतण्याने ती लावलेली नव्हती. गंमत म्हणजे ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, ते सांगत होता. चालू होताना त्याच्या नोंदीत सरळ प्रश्न येतो, की हार्ड डिस्कची वायर जोडायला विसरलात का? पण ती नोंद वाचतो कोण. बाकी, मॉड्यूल बसवताना मेन स्विच बंद, आणि आधी कॅबिनेटच्या पत्र्याला हात. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात तर हे विसरूच नये. जिनिंगमध्ये आणखी एक काम असतं, आतली रुई ब्लोअरने काढायची. त्या कॉम्प्युटरच्या पंख्यातून मी मूठभर तरी काढली.

वायरी अदलून बदलल्या, पॉवर लावली. आता सेटिंग. आणि इथे तो घोळ आहे ज्याने मलाही पहिल्या वेळी अर्धी रात्र जागवलं.

कार्डाचा ड्रायव्हर डाहडी. २००८ पर्यंत त्याचं नाव झॅपटेल होतं, ट्रेडमार्कच्या भानगडीत बदललं. त्याच्या सिस्टिम फाइलमध्ये प्रत्येक पोर्टाला सिग्नलिंग, म्हणजे समोरच्याशी कोणत्या खुणांनी बोलायचं ते, लिहून द्यायचं असतं. लाल पोर्ट एफएक्सओ आहे, म्हणून आपण एफएक्सओ लिहायला जातो. चूक! लाल पोर्टासाठी लिहायचं एफएक्सएस-केएस आणि हिरव्यासाठी एफएक्सओ-केएस (केएस हा सिग्नलिंगचा प्रकार, दोन्हीकडे तोच). बरोबर उलटं.

याला मी पांढरकवड्याच्या बाजाराचा दाखला देतो. आदिलाबाद इथून काही फार दूर नाही. दुकानावरची पाटी मराठी, पण तिकडचं गिऱ्हाईक आलं की दुकानदार तेलुगूत भाव सांगतो. पाटी त्याची, बोली समोरच्याची. लाल पोर्टाच्या पाटीवर एफएक्सओ आहे, पण समोर बसलंय एक्स्चेंज, म्हणजे देणारं, एफएक्सएसच्या जातीचं. म्हणून बोली एफएक्सएसची. हिरव्यासमोर फोन, घेणारा, म्हणून बोली एफएक्सओची.

उलटं लिहिलंत तर डाहडीची कॉन्फिग कमांड तिथेच अडते, 'इन्व्हॅलिड आर्ग्युमेंट, २२' असं म्हणते आणि खाली कारणही देते, की एफएक्सओ पोर्टावर एफएक्सओ सिग्नलिंग वापरलंय का बघा. जेनकॉन्फ नावाची कमांड चालवली तर ती मॉड्यूल ओळखून फाइल स्वतःच लिहिते. पण अॅस्टरिस्कच्या चॅनेल फाइलमध्ये हातच घालायचा असेल तर हे उलटं गणित डोक्यात हवंच. त्याच हाताने टोन-झोनला 'इन' लिहून टाकावं, म्हणजे टोन भारतीय होतात, आणि ड्रायव्हरचा ऑपरमोड 'इंडिया'. ऑपरमोड मुख्यतः लालच्या कामाचा. बाहेरची लाईन कोणत्या देशाच्या मापाची आहे ते त्याला त्यातून कळतं. न दिल्यास आपलाच आवाज आपल्याला परत ऐकू येण्याची तक्रार वाढते. मैलभर तांब्याची तार ओलांडून येणारी लाईन लालवर असते, म्हणून हे प्रतिध्वनीचं दुखणं बहुधा लालचंच. हिरव्यावर काट्यापर्यंतची दोनशे फूट वायर, तिथे सहसा कुरकुर नसते.

फोन चालू झाले. दिवाणजींनी फाटकावर लावून पाहिला, काट्यावर लावून पाहिला, मग सहज म्हणून घरी लावला. मी निघालो. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला फोन. "भाऊ, बाहेरचा फोन येऊनच नाई रायला. लाईन बिझी दाखवते म्हनते."

हिरवा आणि लाल यांच्यातला सगळ्यात खोल फरक इथे आहे, आणि पत्रकात तो कोणी ठळक छापत नाही. फोन ठेवला हे हिरव्याला लगेच कळतं, लूप तुटतो ना. लालचं तसं नाही. रात्री कोणीतरी बाहेरून फोन केला, बोलणं झालं, बाहेरच्याने ठेवला. आता लालला कळणार कसं? काही लाईनींवर एक्स्चेंज क्षणभर करंट तोडतं किंवा तारांचं उलट-सुलट करतं. आमच्या त्या लाईनवर दोन्ही नव्हतं. एक्स्चेंज नुसतं बिझी टोन वाजवत होतं, आणि लाल पोर्ट भक्तिभावाने तो रात्रभर ऐकत लाईन धरून बसला होता.

उपाय म्हणजे त्याला बिझी टोन ओळखायला शिकवायचं. बिझी-डिटेक्ट चालू, बिझी-काउंट चार, आणि पॅटर्न साडेसातशे-साडेसातशे. आपल्या बिझी टोनमध्ये पाऊण सेकंद आवाज, पाऊण सेकंद शांतता असते. ते माप दिलं की चार वेळा ऐकून तो लाईन सोडतो. काउंट दोनवर आणू नका, बोलता बोलता फोन कटायला लागतात आणि लोक लाईनला शिव्या देतात.

कॉलरचा नंबर दिसणंही लालचंच काम. इथल्या जुन्या तांब्याच्या लाईनींवर नंबर पहिल्या घंटीच्या आधी, तारांची पोलॅरिटी (अधिक-उणे) उलटून, डीटीएमएफ म्हणजे फोनची बटणं दाबल्यावर वाजतात त्या सुरांत येतो. अमेरिकेत तो पहिल्या आणि दुसऱ्या घंटीच्या मध्ये वेगळ्या पद्धतीने येतो, आणि सॉफ्टवेअर तयारच तिकडच्या सवयीने होतं. म्हणून कॉलरच्या नंबरचं सिग्नलिंग डीटीएमएफ आणि सुरुवात पोलॅरिटी लिहावी लागते. पोलॅरिटीची भारतासाठी खास वेगळी पर्यायओळच त्या फाइलमध्ये आहे.

एक गोष्ट मात्र तंबीसारखी सांगतो. लाल आणि हिरवा एकाच कॉन्टेक्स्टमध्ये टाकू नका. कॉन्टेक्स्ट म्हणजे आलेला फोन कुठे-कुठे जाऊ शकतो त्याची हद्द. हिरव्यावरचा माणूस आपला, त्याला बाहेर फोन लावू द्यायचा. लालवरून येणारा परका, त्याला फक्त दिवाणजींच्या टेबलापर्यंत येऊ द्यायचं. दोघांना एक हद्द दिली की बाहेरचा कोणीही आत येऊन दुसऱ्या लाईनवरून कुठेही फोन लावू शकतो, बिल शेठला.

पुढच्या जूनमध्ये, मृगाच्या तोंडावर, वादळात एक लाल आणि एक हिरवं गेलं. लाल जाणार हे धरलेलंच होतं, बाहेरची लाईन त्याच्यावर. हिरवं गेलं ते काट्याची वायर खांबावरून उघडी नेली होती म्हणून. वीज रंग बघत नाही. दोन्हीकडे विजेचा झटका जमिनीत उतरवणाऱ्या जीडी ट्यूब बसवल्या, कोळसा-मीठ टाकून अर्थिंग नवं केलं. मॉड्यूल सुटी असल्याने कार्ड तेच राहिलं.

मग तांब्याची लाईन गेली आणि फायबर आलं. त्याच्या डब्याच्या मागे 'फोन' लिहिलेली खाच. ती कुठे जोडायची, म्हणून दिवाणजींनी मला फोन केला. मी म्हटलं, दिवाणजी, टेबलावरचा फोन काढून त्यात लावा अन् ऐका. मिनिटभराने आवाज आला, "टोन देऊन रायला ना भाऊ. म्हनजे देनारा. लालमंदी टाकू?"

टाकली. फोन चालू झाले, फक्त नंबर दिसायचा बंद झाला. तो डबा नंबर पहिल्या घंटीनंतर, अमेरिकन पद्धतीने पाठवत होता. सुरुवात पोलॅरिटीऐवजी रिंग केली, नंबरचं सिग्नलिंग बेल, म्हणजे अमेरिकन पद्धतीचं, केलं, आणि काट्यावरच्या पोराने स्वतःच्या मोबाइलवरून ऑफिसला फोन लावून नंबर दिसतो का ते तीनदा विचारलं.