'लाल लोरी' म्हणजे नेमकी कोणती?

लोरी म्हणजे मकरंदावर जगणारे परदेशी रंगीत पोपट. जळगाव, भुसावळ, धुळ्याकडे पक्षी पाळणाऱ्यांत 'लाल लोरी' या एकाच नावाखाली निदान चार जाती फिरतात. नुसती हौस म्हणून एक पक्षी ठेवायचा असेल तर फारसं बिघडत नाही. जोडी लावायची असेल तर मात्र वर्ष वाया जातं. वेगळ्या जातींची जोडी अंडी देईलच असं नाही. दिलीच तर संकरित पिल्लं निघतात आणि ती पुढे कुठल्याच शुद्ध जोडीत बसत नाहीत.

ओळख पंखांपासून सुरू करावी. अंग लाल आणि पंख हिरवे असतील तर पक्षी लोरियस गटातला. त्यात डोक्यावर काळी टोपी आणि पोटाला निळा रंग असेल तर ती ब्लॅक-कॅप्ड लोरी. टोपी नाही, डोकं सगळं लाल, तर चॅटरिंग लोरी. तिच्या एका उपजातीला पाठीवर ठळक पिवळा डाग असतो. अंगावर हिरव्याचा मागमूसही नसेल तर गट इओस. पंखांवर काळा-निळा आणि शेपटीखाली निळा असेल तर ती खरी रेड लोरी. डोळ्यामागून मानेकडे जांभळट-निळा पट्टा आणि पाठीवर निळ्या रेघा असतील तर ब्लू-स्ट्रीक्ड. आकाराने लहान, मानेभोवती आणि पोटावर जांभळा, तर व्हायलेट-नेक्ड.

'रेनबो' लोरिकीट (लोरिकीट म्हणजे लहान लोरी) या नावाखालीही असाच घोळ आहे. ऑस्ट्रेलियातल्या रेनबोची छाती नारिंगी-लाल आणि बिनरेघांची असते, पोट निळं असतं. न्यू गिनीकडच्या कोकोनट लोरिकीटच्या लाल छातीवर गडद आडव्या रेघा आणि पोट हिरवं. आधी या दोन्ही एकाच जातीत मोजल्या जात, म्हणून जुने पाळणारे त्या बिनधास्त एकत्र लावतात. डस्की लोरी तपकिरी, छातीवर पिवळे किंवा नारिंगी पट्टे. तिच्यात गोंधळ कमी. कोणत्याही जातीचं पिल्लू असेल तर चोच आणि डोळे काळपट दिसतात. रंग पूर्ण भरेपर्यंत जातीबद्दल पैज लावू नये.

नर-मादी रंगावरून ओळखण्याचा दावा बहुतेक लोरींत फोल आहे. ठळक अपवाद स्टेला लोरीचा: लाल रंगाच्या मादीच्या कंबरेवर पिवळा रंग असतो, नराच्या नसतो. बाकी सगळ्यांची डीएनए तपासणी करावी. छातीची चार-पाच पिसं मुळासकट उपटून पाठवायची; गळून पडलेली चालत नाहीत. दोन माद्याही एकमेकींना भरवतात, पेटीत (अंडी घालायच्या लाकडी खोक्यात) एकत्र झोपतात. लोरी साधारण दोनच अंडी देते. पेटीत तीन-चार अंडी दिसली आणि सगळी वांझ निघाली तर दोन्ही माद्या असल्याचा संशय घ्यावा. उबवायला बसल्यावर आठवड्याभराने मोबाईलच्या टॉर्चवर अंडं धरलं की फळलेल्या अंड्यात लाल शिरा दिसतात.

लोरीची जीभ टोकाला ब्रशसारखी असते. मकरंद आणि पराग टिपायला. दाणे दळणारं जठर कमजोर. म्हणून राघूला चालते ती ज्वारी-बाजरी हिचा मुख्य आहार होऊ शकत नाही. घरी मकरंदासारखं पातळ खाद्य करताना दोन चुका हमखास होतात: त्यात गूळ घालणं आणि बाळांचं डब्यातलं सीरियल घालणं. गुळात लोह असतं, सीरियलमध्ये ते वरून घातलेलं असतं. लोरीच्या यकृतात लोह साचत जातं आणि वरून धडधाकट दिसणारा पक्षी एक दिवस मरून पडतो. आहारात लोह दर किलोला 100 मिलीग्रॅमच्या आत ठेवावं, म्हणजे तयार पावडर घेताना डब्यावरचा हा आकडा वाचावा. रावेर-यावलचं पिकलं केळं जोडीला उत्तम, पण नुसत्या केळ्यावर वीण होत नाही, त्यात प्रथिनं फार कमी.

उन्हाळ्यात कालवलेला मकरंद दोन तासांत आंबायला लागतो. आंबलेल्यातून तोंडात बुरशी होते आणि पिल्लांचा गळा आधी धरला जातो. सकाळ-संध्याकाळ थोडाच द्यावा, स्टीलची वाटी प्रत्येक वेळी घासावी. मुंग्यांचा बंदोबस्तही हवाच, नाहीतर त्या पेटीपर्यंत जाऊन नुकत्या फुटलेल्या पिल्लांवर तुटून पडतात. स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत.

वेळ सर्वांत महत्त्वाची. अंड्याला साधारण 37.5 अंश लागतात. जळगावात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो, तेव्हा पत्र्याच्या शेडमधल्या पेटीत गर्भ शिजतोच. एप्रिल ते जून पेटी काढून ठेवावी. धाब्याच्या घरातली खोली असेल तर पक्ष्यांना तिथे हलवावं, ओलं गोणपाट आणि अंघोळीला पसरट भांडं द्यावं. पाऊस ओसरला की पेटी पुन्हा टांगावी. धुळ्याकडे हिवाळ्यात रात्री पारा दहाच्या खाली उतरतो, म्हणून पेटीचं लाकूड जाड घ्यावं. रेनबोएवढ्या पक्ष्याला नऊ-दहा इंच चौरस, दीड फूट उंच आणि तीन इंचांचं भोक पुरतं.

लोरीची विष्ठा पातळ असते, त्यामुळे पेटीचा तळ ओला होतो. तळाला बारीक भोकं पाडून वर रंध्याची जाड साल अंथरावी, बारीक भुसा नाही. पिल्लं असताना ती दर दोन-तीन दिवसांनी बदलावी. ओल्या तळाने पिल्लांची पिसं चिकटतात आणि आईबापही ती उपटू लागतात. मोठं झाल्यावर पिसं पुन्हा येतात, पण गार रात्री उघडं पिल्लू दगावू शकतं.

अंडी 23 ते 26 दिवसांत फुटतात. पिल्लं दोन-अडीच महिन्यांनी बाहेर पडतात, तरी पुढचे दोन-तीन आठवडे आईबापच भरवतात. बाप पिल्लांवर धावून जायला लागला की पुढच्या अंड्यांची तयारी सुरू झाली, त्याच दिवशी पिल्लं वेगळी करावीत. या सगळ्या परदेशी जाती साइट्स या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत, म्हणून 2024 च्या नियमांप्रमाणे जोडी आणि नवी पिल्लं दोन्हींची नोंद पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. आपला रानातला राघू पिंजऱ्यात ठेवणं मात्र 1972 च्या कायद्याने गुन्हाच आहे, तिथे नोंदीचा मार्गच नाही.