महायुद्धकालीन भारतातील चलनवाढ (१९३९–४५)

दुसऱ्या महायुद्धाच्या सहा वर्षांत भारतात रुपयाची खरेदीशक्ती निम्म्याहूनही खाली आली. ऑगस्ट १९३९ मधील घाऊक किमती १०० धरल्या, तर १९४४-४५ मध्ये निर्देशांक २४४ च्या आसपास होता. आणि हा हिशेब बराचसा सरकारी दरांचा, काळ्या बाजारात माल त्याहून महाग मिळे. याच अवधीत चलनातील नोटा सुमारे १८० कोटी रुपयांवरून ११०० कोटींच्या वर गेल्या. युद्धावरचा सरकारी खर्च हेच या घसरणीचे मूळ, की मालाची टंचाई आणि साठेबाजी, यावर त्या काळी मोठा वाद झाला. मुंबई आणि पुणे येथील अर्थशास्त्रज्ञ त्या वादात आघाडीवर होते.

वादाचे मूळ नोव्हेंबर १९३९ च्या आर्थिक करारात आहे. ब्रिटिश सरकार आणि भारत सरकार यांच्यातील या करारानुसार भारताने शांतताकाळातील नेहमीचा संरक्षणखर्च, त्यात भाववाढीमुळे पडणारी भर आणि निव्वळ भारताच्या हितासाठी केलेल्या युद्धतयारीचा खर्च सोसायचा, शिवाय परदेशी पाठवलेल्या फौजांसाठी एक कोटी रुपये ठोक द्यायचे, असे ठरले. उरलेला खर्च ब्रिटनने द्यायचा. युद्ध संपेपर्यंतचा एकूण खर्च पाहिला, तर ढोबळमानाने निम्मा भारताच्या आणि निम्मा ब्रिटनच्या नावावर पडला. कागदावर ही वाटणी भारताला अनुकूल दिसते. पण ब्रिटनने आपला वाटा दिला कसा, हे पाहिल्याशिवाय या महागाईचा उलगडा होत नाही.

एक व्यवहार घेऊ. मुंबईच्या एखाद्या गिरणीने लष्कराला एक लाख रुपयांचे खाकी कापड दिले. गिरणीला पैसे रुपयांत हवेत, कारण कामगारांचा पगार आणि कापसाची किंमत रुपयांतच चुकवायची असते. हे रुपये भारत सरकार देई. त्या बदल्यात ब्रिटिश सरकार लंडनमध्ये रिझर्व्ह बँकेच्या खात्यात ७,५०० पौंड जमा करी (रुपयाचा दर १ शिलिंग ६ पेन्स होता). बँकेच्या कायद्यात स्टर्लिंग (म्हणजे ब्रिटिश पौंडातील) रोखे हे नोटांसाठी चालणारे तारण होते. त्यामुळे या पौंडांच्या आधारावर बँक तेवढ्याच रुपयांच्या नव्या नोटा काढू शके. कापड आघाडीवर गेले आणि संपले. पौंड लंडनमध्ये राहिले. युद्ध चालू असेपर्यंत त्यांतून यंत्रे, कापड, धान्य असे काही आणता येत नव्हते. देशात राहिल्या त्या नोटा, आणि त्यांच्यासमोर विकायला होता आधीपेक्षा कमी माल.

धान्य, ताग, कातडी, लाकूड, विमानतळांची बांधकामे, सैनिकांचे पगार, सगळ्यांची हीच तऱ्हा. कायद्याच्या दृष्टीने प्रत्येक नोटेला तारण होते, पण बाजारात त्या तारणाचा उपयोग नव्हता. तारण पुरेसे असूनही चलन कसे घसरते, याचे इतके स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.

सामान्य माणसाला ही घसरण हातातल्या नाण्यावरून आधी कळली. जुना चांदीचा रुपया एक तोळा वजनाचा आणि बारात अकरा भाग चांदीचा. दगडावर वाजवून त्याची पारख होई. ‘बंदा रुपया’ आणि ‘खणखणीत नाणे’ हे शब्दप्रयोग अशा पारखीतलेच. १९४० मध्ये लोक नोटा देऊन रुपये घरात ठेवू लागले. सरकारने गरजेपेक्षा जास्त नाणी बाळगणे गुन्हा ठरवला, एक रुपयाची नोट काढली आणि नव्या रुपयातील चांदी निम्म्यावर आणली. जुने राणीछाप व राजाछाप रुपये टप्प्याटप्प्याने रद्द झाले. पुढे तांब्याची ओढ एवढी लागली की १९४३ पासून पैशाला मधोमध मोठे भोक पाडण्यात आले. कमरेच्या करगोट्यात ओवता येईल असा तो भोकाचा पैसा बऱ्याच मराठी घरांत अजून जपून ठेवलेला आढळतो.

वाद १९४२ अखेरीपासून पेटला. वित्तसदस्य (त्या वेळचे अर्थमंत्रीच) सर जेरेमी रेझमन यांच्या काळात सरकारची भूमिका अशी : अंदाजपत्रकातील तूट आटोक्यात आहे, भाव चढतात ते ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाल्याने, रेल्वे लष्करासाठी अडकल्याने आणि व्यापारी साठे करत असल्याने. यातली कारणे खोटी नव्हती. परंतु ब्रिटनच्या नावावर होणारा खर्च भारताच्या अंदाजपत्रकात तूट म्हणून दिसतच नव्हता, आणि नव्या नोटा मुख्यतः त्याच खर्चातून येत होत्या. मुंबई विद्यापीठातील प्रा. सी. एन. वकील यांनी १९४३ मध्ये घसरत्या रुपयावर स्वतंत्र पुस्तक लिहून नेमके यावर बोट ठेवले. ब्रिटनने भारतात रुपयांत कर्ज उभारावे, सोने द्यावे, इथली ब्रिटिश गुंतवणूक विकून पैसे चुकते करावेत, अशी मागणी पुढे आली. त्याच वर्षी पुण्याच्या गोखले संस्थेतून धनंजयराव गाडगीळ आणि नी. वि. सोवनी यांचा युद्धकालीन आर्थिक धोरणावरील ग्रंथ निघाला. एखाददुसऱ्या वस्तूचा भाव बांधून भागत नाही. उत्पादन, वाहतूक, धान्यखरेदी आणि रेशन एकाच धोरणात बांधावे लागतात, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा. एप्रिल १९४३ मध्ये देशभरच्या अर्थतज्ज्ञांनी एकत्र निवेदन काढून, ही तुटीतून निघालेली कागदी चलनाची महागाई असून महागाईचा हा सर्वांत घातक प्रकार आहे, असा इशारा दिला. नोटांचे आकडे आणि भावांचे आकडे शेजारी ठेवले, तर या अर्थतज्ज्ञांची बाजू भक्कम होती असेच म्हणावे लागते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी रुपयाच्या प्रश्नावरील १९२३ च्या ग्रंथात या धोक्याची चर्चा आधीच केली होती. पौंडाशी विनिमयदर टिकला म्हणजे रुपया स्थिर झाला, हे त्यांना मान्य नव्हते. देशातील वस्तूंच्या मोबदल्यात रुपयाचे मोल टिकते का, हा त्यांचा प्रश्न होता, आणि चलन काढणाऱ्याच्या मर्जीवर पक्की मर्यादा हवी असा आग्रह. महायुद्धात १ शिलिंग ६ पेन्सचा दर शेवटपर्यंत हलला नाही, आणि त्याच रुपयात येणारे धान्य मात्र निम्म्याहून कमी झाले.

बंगालमध्ये या घसरणीने माणसे मारली. कलकत्त्यात डिसेंबर १९४२ मध्ये मणाला तेरा-चौदा रुपये असलेला तांदूळ मार्च १९४३ मध्ये एकवीस आणि मे अखेरीस तिसाच्या वर गेला. शहरातील कारखाने व सरकारी नोकर यांच्यासाठी स्वस्त धान्याची सोय होती. भूमिहीन मजूर, कोळी, कारागीर यांच्या हाती वाढत्या नोटांतले काही आलेच नाही. बळींची संख्या सरकारी चौकशी आयोगाने सुमारे १५ लाख धरली. नंतरच्या अभ्यासकांचे अंदाज ३० लाखांपर्यंत जातात. अमर्त्य सेन यांनी पुढे दाखवले की ही उपासमार केवळ धान्य घटल्याने झाली नव्हती. युद्धखर्चाने काहींची क्रयशक्ती वाढली आणि त्यांच्याशी स्पर्धा करू न शकणारे बाजारातून बाहेर फेकले गेले. युद्धाचा खर्च कर किंवा कर्जातून वसूल झाला नाही, तर तो भाववाढीतून वसूल होतो आणि सर्वांत गरिबाकडून सर्वांत आधी होतो. त्या वादातला खरा मुद्दा हा होता.

मुंबईत संघटित कामगारांना थोडा आधार मिळाला. १९४० च्या गिरणी संपाची मागणी महागाई भत्त्याची होती, आणि हा भत्ता युद्धकाळातच रुजला. मे १९४३ मध्ये मुंबईत धान्याचे रेशन सुरू झाले. ‘कंट्रोल’ हा शब्द मराठीत तेव्हा जो शिरला तो राहिलाच.

जून १९४३ मध्ये कापडावर नियंत्रण आले, जादा नफ्यावरील कर कडक झाला, बचतपत्रे खपवली गेली आणि ऑगस्टपासून बाजारात सोने विकून नोटा परत खेचण्यात आल्या. भाववाढीचा वेग त्यानंतर ओसरला. त्याच ऑगस्टमध्ये रायगडच्या नाते गावचे चिंतामणराव देशमुख रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. जुलै १९४४ मध्ये युद्धानंतरची जागतिक चलनव्यवस्था ठरवणाऱ्या ब्रेटन वुड्स परिषदेत ते भारतीय शिष्टमंडळात होते. लंडनमध्ये अडकलेल्या रकमेचा काही भाग तरी डॉलर किंवा अन्य चलनांत बदलून मिळावा, ही भारताची मागणी तिथे मान्य झाली नाही. बँकेत दहा लाख डॉलर असूनही टॅक्सीचे भाडे द्यायला रोकड नाही, अशा माणसासारखी आमची स्थिती करणार का, असे शिष्टमंडळातील मुंबईचे ए. डी. श्रॉफ यांनी तिथे विचारले होते.

लंडनमध्ये साठलेल्या या रकमेतून भारताने आपले जुने स्टर्लिंग कर्ज बहुतेक फेडून टाकले. देणेकरी देश धनको झाला, हा या साऱ्यातला खरा लाभ. कर्जफेड होऊनही १९४६ मध्ये शिल्लक सुमारे १,७३३ कोटी रुपये होती. माल चढ्या भावाने घेतला गेला, सबब देणे कमी करावे, असा सूर ब्रिटनमध्ये निघाला होता. चर्चिल यांना तर भारताच्या संरक्षणापोटी ब्रिटनचेच भारताकडे येणे आहे, असा उलट दावा लावायचा होता. उपासमार सोसून दिलेल्या मालाचा हा पैसा होता, त्यामुळे भारतात या सूचनेने सर्व पक्षांत संताप उसळला. देणे कापले गेले नाही. ऑगस्ट १९४७ आणि जुलै १९४८ च्या करारांनी ते हप्त्याहप्त्याने मोकळे करायचे ठरले. सप्टेंबर १९४९ मध्ये ब्रिटनने पौंडाचे अवमूल्यन केले, रुपयाही त्याबरोबर उतरला, आणि लंडनमध्ये तोवर उरलेल्या शिलकीचे डॉलरमधील मोल सुमारे तीस टक्क्यांनी घटले.