दक्षिण आफ्रिकेतील बेकारी आणि परदेशी माणूस

दक्षिण आफ्रिकेत परदेशी लोकांचा लोंढा आला आणि त्यांनीच बेकारी वाढवली, असा समज वर्षानुवर्षे फिरत आहे. पडताळणीसाठी 2022च्या जनगणनेतील जन्मस्थानाचा तक्ता पाहावा: सुमारे 6 कोटी 20 लाखांपैकी परदेशात जन्मलेले साधारण 24 लाख, म्हणजे शेकडा चारच्या आसपास. नोंदीविना राहणारे गणनेतून सुटले असतील ही शंका रास्त आहे. मात्र आकडा दुप्पट धरला तरी तो शेकडा आठच्या आसपासच राहतो, तर त्या वर्षी बेकारी शेकडा तीसच्या वर होती. एवढ्या मोठ्या बेकारीचे खापर एवढ्या थोड्यांवर फोडता येत नाही. अशा रोषाच्या वातावरणात प्रादेशिक एकीकरणही, म्हणजे शेजारी देशांनी आपसातला व्यापार आणि ये-जा खुली करणेही, अवघड होते: शेजारी देशांमधील मालावरची जकात बरीचशी उठली, परंतु माणसांच्या ये-जेसाठी 2005 साली झालेला करार पुरेशा देशांच्या मंजुरीअभावी रखडला.