ठासणीची दारू, काडतुसाची दारू

मोबाईलवर अमेरिकेतला एखादा गडी घराच्या गॅरेजात बसून पिस्तुलाची रिकामी काडतुसं पुन्हा भरताना दिसतो. समोरच्या फळीवर दारूचे रंगीबेरंगी डबे. इकडे आर्णी-घाटंजीकडच्या पारावर दोन प्रश्न हमखास निघतात: इतक्या डब्यांतला नेमका कोणता घ्यायचा हे तो कसं ठरवतो, आणि आपल्याकडे हे कुणी का करत नाही? दुसऱ्याचं उत्तर कायद्यात आहे आणि छोटं आहे. पहिल्याचं मात्र दीड-दोनशे वर्षं मागे जातं. त्याची सुरुवात जागलीवर नेल्या जाणाऱ्या भरमारीपासून केलेली बरी, कारण दारू स्वतः मोजून भरणारा माणूस आपल्या गावांत अजून आहे.

भरमार म्हणजे ठासणीची बंदूक. नळीच्या तोंडातून दारू, वर बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा. गजाने ठासायचं, बुडाशी ठिणगी देणारी टोपी बसवायची, घोडा चढवायचा. प्रत्येक बाराला हा सगळा खटाटोप. आत जाते ती काळी दारू: शोरा, गंधक आणि कोळसा. बाबराच्या तोफांत होती तीच, आणि १८०३ च्या डिसेंबरात वेलस्लीच्या फौजेने गाविलगड घेतला तेव्हा दोन्ही बाजूंनी उडत होती तीही तीच. सोळाव्या शतकापासून एकोणिसाव्यापर्यंत तिचा मूळ मसाला बदललाच नाही.

त्यामुळे त्या काळात दारूची निवड म्हणजे मुख्यतः दाण्याची निवड. तोफेला जाड दाणा, बंदुकीला मध्यम, पिस्तुलाला आणि चकमकीच्या बंदुकीच्या कानाला, म्हणजे ठिणगी पडते त्या खोबणीला, बारीक. दाणा जितका बारीक तितकी दारू लवकर पेटते, कारण जळायला पृष्ठभाग जास्त मिळतो. दुसरा फरक कोळशाचा. युरोपात विलो आणि ऑल्डरच्या लाकडाचा कोळसा नावाजलेला होता. हिंदुस्थानात तुऱ्हाट्यांच्या कोळशाला मान होता. आपण ज्या चुलीत घालतो त्याच तुऱ्हाट्या! शोरा मात्र बिहारचा. त्याच्यासाठी डच आणि इंग्रज कंपन्यांची पाटण्यात चढाओढ असे.

काळ्या दारूचा मोठा गुण म्हणजे ती मापट्याने मोजता येते. आकारमानावर काम भागतं, थोडं इकडेतिकडे झालं तरी चांगल्या नळीत सहसा निभावून जातं. अवगुण तितकेच ठळक. जळाल्यावर वजनाने निम्म्याहून अधिक ऐवज घनरूपात मागे उरतो. थोडा पांढऱ्या धुराचा लोट होऊन उडतो, बाकीचा नळीत काजळीसारखा बसतो आणि हवेतली ओल ओढतो. आपल्या पावसाळ्यात तर विचारूच नका. रात्री बार काढला आणि सकाळी नळी कढत पाण्याने धुऊन, कोरडी करून तेलाचा हात फिरवला नाही, तर तांब धरलाच म्हणून समजा. नळी धुताना सडक्या अंड्यासारखा वास येतो तो गंधकाचा.

इंग्रजांनी दारू बनवणं हळूहळू सरकारच्या हातात घेतलं. बंगालात इशापूरला १७८७ मध्ये दारूचा कारखाना उभा राहिला. १८५७ नंतर शस्त्रांवरची पकड घट्ट होत गेली आणि १८७८ च्या शस्त्र कायद्याने सामान्य हिंदी माणसाला परवान्याशिवाय बंदूक बाळगणं बंद केलं. युरोपियनांना मात्र सूट. साहेब मेळघाटात शिकारीला निघाला की सामानात रिकामी काडतुसं, दारूचा डबा, मापटं आणि काडतुसाचं तोंड वळवून बंद करायचं हत्यार बरोबर असे, आणि तंबूत बसून काडतुसं भरली जात. घरी काडतूस भरण्याची आजची अमेरिकन हौस त्याच एकोणिसाव्या शतकातली आहे. दुकान दूर, पितळी नळकांडं महाग आणि पुन्हा वापरण्याजोगं, तर फेकायचं कशाला?

मग १८८४ साल आलं. फ्रान्समध्ये पॉल व्हिएल याने नायट्रोसेल्युलोजपासून बिनधुराची दारू तयार केली, आणि दोन वर्षांत फ्रेंच फौजेने तिच्यासाठी नवी रायफल काढली. १८८७ मध्ये नोबेलने नायट्रोग्लिसरीन मिसळलेली बॅलिस्टाइट आणली, १८८९ मध्ये इंग्रजांची कॉर्डाइट आली. आपल्याकडे कॉर्डाइटचा कारखाना निघाला तो निलगिरीत, अरुवनकाडूला, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला.

धूर गेला एवढंच लोकांच्या डोळ्यांत भरलं. खरा बदल मोजमापात होता. नवी दारू वजनाला वजन कितीतरी जास्त जोर देते, आणि कोंडलेल्या जागेत दाब वाढला की तिचं जळणं आणखी वेग घेतं. काळी दारू अशी चढत जात नाही. जुन्या मापट्याने नवी दारू भरली की बंदूक फुटलीच. हा घोळ टाळायला सुरुवातीच्या काही दारू मुद्दाम फुगीर बनवल्या होत्या. प्रशियन तोफखान्यातल्या शुल्त्से याची १८६० च्या दशकातली दारू तसलीच. तिचं एक माप जुन्या एका मापाच्या जागी चालावं हा हेतू. पुढे दाट दारू आल्या आणि बाजारात दोन्ही जातींचे डबे शेजारी शेजारी बसले. त्या वर्षांत किती हात गेले असतील ते असतील. बारा बोअरच्या काही काडतुसांच्या खोक्यावर आजही ‘इतक्या ड्रॅमच्या बरोबरीचं’ असं छापतात. ड्रॅम हे काळ्या दारूचं माप. आत ती दारू आता नसते.

पिस्तुलाची अडचण इथेच सुरू होते. कोल्टचं पॉइंट ४५ चं काडतूस १८७३ चं, पॉइंट ३८ स्पेशल १८९८ चं. दोन्ही जन्मले काळ्या दारूवर, म्हणून त्यांचं नळकांडं ऐसपैस. बिनधुराची दारू तिथे तळाशी चिमूटभर लागते. बाकीची जागा रिकामी. आता भरताना लक्ष चळलं आणि त्याच नळकांड्यात दुसऱ्यांदा दारू पडली, तरी वरून काही दिसत नाही. गोळी नीट बसते, काडतूस देखणं होतं आणि रिव्हॉल्व्हरचं चक्र हातात फुटतं. म्हणून तिकडचे जाणते लोक डबा निवडताना आधी हेच पाहतात की ही दारू नळकांडं किती भरते. दोनदा पडली तर बाहेर सांडेल अशी फुगीर दारू नवख्याला बरी, असं ते सांगतात. मला वाटतं सगळ्या चर्चेत यापेक्षा शहाणपणाचा सल्ला नाही.

बाकीच्या कसोट्या यानंतरच्या. पिस्तुलाची नळी आखूड, गोळी पटकन बाहेर पडते, म्हणून तिला लवकर जळणारी दारू लागते. रायफलची संथ दारू तिथे अर्धवट जळून तोंडाशी भडका होते. १८९८ ची बुल्सआय आणि १९०० ची युनिक ही दोन नावं आजही विकली जातात, मधल्या काळात मालक बदलले तरी. पहिली झटपट आणि दाट, दुसरी थोडी संथ आणि फुगीर. दोन्हींचे दाणे पापुद्र्यासारखे असल्याने मोजणीच्या यंत्रातून त्या अडखळत उतरतात. गोल दाण्याची दारू १९३० च्या दशकात अमेरिकेतच आली आणि ती राळ्यासारखी सरसर घरंगळते. दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारची शिल्लक दारू स्वस्तात बाजारात आली. कॅन्ससच्या ब्रूस हॉजडनने ती विकून धंदा उभा केला आणि घरगुती भरणीला तिथे बहर आला.

एक बाब त्या व्हिडिओंत फार क्वचित सांगतात. किरकोळ डब्यातली दारू आणि कारखान्याच्या काडतुसातली दारू या दोन वेगळ्या गोष्टी. डब्यातली दारू वेगवेगळे घाणे, म्हणजे वेगवेगळ्या वेळी बनलेला माल, मिसळून दरवेळी सारखी केलेली असते, म्हणून छापील तक्त्यावर विसंबता येतं. कारखाना मात्र प्रत्येक घाण्याला दाब मोजून वजन ठरवतो. म्हणजे तयार काडतूस फोडून त्यातली दारू दुसऱ्यात घालणाऱ्याला आपण काय घालतोय हे कळायचा मार्गच नाही.

आता कायदा. १९५९ च्या शस्त्र कायद्यात दारूगोळा बनवायला परवाना लागतो, आणि काडतुसाचे भाग व ते बनवायची यंत्रंही ‘दारूगोळा’ या व्याख्येतच येतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बनवण्याला किमान सात वर्षं, कमाल जन्मठेप. पॉइंट ३२ च्या रिव्हॉल्व्हरचा परवाना असलेल्या बागायतदाराने काडतूस दुकानातून घ्यायचं, परवान्यावर लिहिलं आहे तेवढंच घ्यायचं. त्यात दारू कोणती हे खडकीसारख्या सरकारी कारखान्याने ठरवलेलं.

खरं तर दारूच्या बाबतीत विदर्भाइतका मुरलेला मुलूख देशात थोडाच असेल. भंडाऱ्याजवळ जवाहरनगरचा आयुध कारखाना १९६० च्या दशकापासून तोफा-बंदुकांची दारू बनवतो. भद्रावतीला चांदा कारखान्यात गोळे भरले जातात, पुलगावला लष्कराचं कोठार आहे, आणि देशभरातल्या स्फोटकांचे परवाने सांभाळणाऱ्या ‘पेसो’चं मुख्यालय नागपुरात. २४ जानेवारी २०२५ ला जवाहरनगरला स्फोट झाला, आठ कामगार गेले. इतकी शिस्त, इतके नियम असलेल्या ठिकाणी हे घडतं, आणि रानडुकरासाठी कणकेत गावठी गोळा लपवणारे लोक घरात दारू कालवतात. त्या गोळ्याने गाई-म्हशींचे जबडे फुटतात. डुक्कर पुढच्या रात्री पुन्हा हजर.

शेतकऱ्याच्या वाट्याला कायद्याने ठेवली ती भरमारच. १९५९ च्या कायद्याच्या तेराव्या कलमात पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचं नाव घेऊन वेगळी तरतूद आहे. पण बंदूक हाती असली म्हणजे रोही किंवा डुक्कर मारता येतं असं नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे त्याला वनखात्याची परवानगी वेगळी. बहुतेक बार हवेतच जातात, आवाजापुरते. गडचिरोलीत नक्षल काळात याच भरमारी संशयाचा विषय झाल्या आणि अनेक गावांनी त्या आपणहून पोलिसांकडे जमा केल्या. बाकी जिल्ह्यांत निवडणूक लागली की ठाण्यात बंदूक जमा करायचा निरोप येतो. २०२४ ची विधानसभा नोव्हेंबरात झाली, तुरीला फूल-शेंग धरायच्या दिवसांत.

म्हाताऱ्याच्या नावावरचा परवाना मुलाच्या नावावर करायला आता फारसं कुणी धावपळ करत नाही. धुऱ्यावर तार ओढून सौर झटका मशीन लावायचं आणि अनुदानासाठी वनखात्याकडे अर्ज टाकायचा, हा आजचा रस्ता. भरमार आड्याला टांगलेली राहते.