अर्धवट राहिलेली गोधडी आमच्याकडे आणण्याआधी

आईने किंवा आजीने शिवायला घेतलेली गोधडी ट्रंकेत तशीच पडून आहे, अशी मराठी घरं इंदुरात पुष्कळ आहेत. ती घेऊन येणारे बहुतेक जण आधी विचारतात, "सगळं उसवून नव्याने शिवाल का?" शक्यतो नाही. जे टाके अजून धरून आहेत त्यांना आम्ही हात लावत नाही. जुना धावदोरा थांबला तिथून आमचा सुरू होतो. दोन हातांतला फरक दिसतो, आणि तो दिसू द्यावा असंच आमचं मत आहे.

घरी धुऊन आणू नका, ही कळकळीची विनंती. मधले सुटे थर पाण्यात सरकून गोळा होतात. शिवाय रंग जातो. लाल काठ असेल तर आम्ही त्यावर ओला पांढरा रुमाल दाबून ठेवतो. रुमालाला रंग लागला, तर ती गोधडी न धुता सावलीत वाऱ्यावर टाकतो. टाचण्या मात्र काढूनच आणा. त्यांचा गंज पांढऱ्या सुतीवरून लिंबू-मिठाने निघू शकतो, ब्लीचने उलट पक्का होतो.

खरं काम मधल्या भागात असतं. आपली गोधडी बरेचदा काठाकडून शिवत आत नेतात. अर्धवट सुटली की मधोमध कापड मोकळं राहतं आणि वरचा थर फुगतो. तो ओढून बसवला तर आधीच्या ओळींना सुरकुत्या पडतात. म्हणून आम्ही गोधडी जमिनीवर पसरतो, तळव्याने कडेकडून आत सारखी करतो, मोठ्या कच्च्या टाक्यांनी सगळे थर धरतो आणि जास्तीचं कापड मधे बारीक चुणीत घेऊन वर ठिगळ लावतो. हे सगळं हातशिलाईने. विरलेल्या कापडात मशीनची सुई ओळीने भोकं पाडते आणि पुढे त्याच ओळीवर कापड फाटतं.

महेश्वरी साडीचे तुकडे असतील तर घड्या नीट बघा. तिच्यात बहुधा ताणा म्हणजे उभा धागा रेशमी आणि बाणा म्हणजे आडवा धागा सुती असतो. घडीवर रेशीम आधी तुटतं आणि नुसते सुती धागे लोंबतात. अशा जागी मागून मलमल लावून टाक्यांनी धरतो.

अस्तर बदलायचं असेल तर मांजरपाट क्लॉथ मार्केटातून तुम्ही आणा किंवा आम्ही आणू, पण ते आधी धुऊनच लावतो. कोरं सुती कापड शंभर इंचांना तीन ते पाच इंच सहज आटतं. जुन्याला ते तसंच जोडलं, तर पहिल्या धुण्यात गोधडी आखडते.

बोटांनी हलकं ताणल्यावर कापड फाटत असेल, तर पूर्ण गोधडी होणार नाही हे स्पष्ट सांगतो. मग धड भाग कापून, कडेला गोट लावून बाळाचं दुपटं किंवा देवघराचं आसन करून देतो.

खर्चाचा अंदाज गोधडी उलगडून बघितल्यावर लेखी देतो. तुमच्या होकाराशिवाय कात्री लावत नाही. धुण्याची कामं पावसाळ्यात घेत नाही, कारण आतले थर वाळत नाहीत आणि कुबट वास धरतात.

येताना सुटे चौकोन, चिंध्या, उरलेली रिळं सगळं घेऊन या. ठिगळाला त्याच घरातलं लुगडं मिळालं तर बाजारातलं कापड आम्ही वापरत नाही.